इंडेक्स टू हवाच, पण इंडेक्स दहा कशाला?

‘इंडेक्स टू’ हा शब्द आपल्याकडे कम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे. प्लॉट घ्या, शेत विका, घरासाठी बँकेत कर्जाला जा. समोरचा माणूस हेच विचारतो, ‘इंडेक्स टू आणलाय का?’ बोरीच्या बाजारात टेकलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा. शाळा चौथीत सुटलेली असेल, पण इंडेक्स टू म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. गंमत अशी की, ‘टू’ आहे म्हणजे ‘वन’ही असणार, ‘थ्री’ आणि ‘फोर’ही असतील, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि मग पाचवा का नाही, हे तर नाहीच नाही.

मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कशाची सूची ठेवायची आणि कशाची नाही, हा निर्णय दिसायला कारकुनी आहे. पण आज आपली जमीन, पीकविमा, शिष्यवृत्ती, मतदारयादी, सगळं कुठल्या ना कुठल्या डेटाबेसच्या टेबलात जाऊन बसलंय. त्या टेबलावर कोणते इंडेक्स आहेत, यावरून काय पटकन सापडणार आणि कशासाठी रांगेत लटकावं लागणार, ते ठरतं.

आता मास कम्युनिकेशनच्या पोरीनं डेटाबेसमध्ये नाक का खुपसावं? तर आमच्या धंद्याचं अर्धं काम शोधायचंच असतं. जुनी बातमी, जुना फोटो, जुना शासन निर्णय. कात्रणांची फाईल विषयानुसार लावली असेल तर ‘दुष्काळ’ लगेच मिळतो, पण ‘जिंतूर’ मागितलं की सगळ्या फायली उपसाव्या लागतात. म्हणून हा विषय फक्त इंजिनीअरिंगच्या पोरांवर सोडू नये, असं माझं मत आहे.

पाच पुस्तकं, चार सूची

सुरुवात इंडेक्स टूपासूनच करू. १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो की नोंदणी कार्यालयांत ठरावीक पुस्तकं ठेवायची. पुस्तक १ मध्ये स्थावर मालमत्तेचे दस्त. पुस्तक २ मध्ये, नोंदणी नाकारली तर त्याची कारणं. पुस्तक ३ मध्ये मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र. पुस्तक ४ मध्ये इतर किरकोळ दस्त. शिवाय जिल्ह्याच्या निबंधकाकडे पुस्तक ५, म्हणजे जमा केलेल्या मृत्युपत्रांची नोंदवही.

पुस्तकं पाच. पण कलम ५५ नुसार सूची चारच. पुस्तक १ ला एकटीला दोन: सूची १ दस्त करून देणाऱ्या-घेणाऱ्या माणसांच्या नावावरून आणि सूची २ मालमत्तेच्या वर्णनावरून. हीच आपली इंडेक्स टू. सूची ३ मृत्युपत्रांसाठी, नावावरून. सूची ४ पुस्तक ४ साठी, तीही नावावरून. आणि पुस्तक २ आणि ५? त्यांच्यासाठी या कलमात सूचीच नाही.

याच्यामागचा विचार बघा. जमिनीबद्दल लोक दोन प्रकारे विचारतात. ‘या गटावर आधी काय काय व्यवहार झालेत?’ आणि ‘या माणसानं काय विकलंय, काय घेतलंय?’ म्हणून दोन वाटा. मृत्युपत्राबद्दल कुणी ‘या गटावर कोणाचं मृत्युपत्र आहे’ असं सहसा विचारत नाही, माणसाच्या नावानंच विचारतो. म्हणून एकच वाट. नोंदणी का नाकारली हे शोधायला रोज रांग लागत नाही, म्हणून वाटच नाही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, टाक आणि दौतीच्या काळात, कुणीतरी प्रश्न आधी मोजले आणि मग सूची ठरवल्या.

आणि अजून एक. कलम ५४ म्हणतं की दस्त पुस्तकात उतरवला की शक्य तितक्या लगेच त्याची सूचीतही नोंद करायची. म्हणजे कारकुनाला एका दस्तासाठी तीन ठिकाणी लिहिणं आलं: पुस्तकात, सूची १ मध्ये, सूची २ मध्ये. सूची दहा असत्या तर अकरा ठिकाणी. कारकुनाचा हात दुखतो हे कायदा करणाऱ्यांना कळत होतं. कम्प्युटरचा हात दुखत नाही असं आपण धरून चालतो, आणि तिथंच फसतो.

कम्प्युटरही हेच करतो

डेटाबेसचं टेबल म्हणजे मोठं रजिस्टर. त्यात एक कोटी ओळी आहेत असं धरा. इंडेक्स नसेल आणि तुम्ही एक नाव मागितलं, तर मशीन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं चाळतं. याला फुल टेबल स्कॅन म्हणतात. इंडेक्स असेल तर तीच माहिती क्रमानं लावलेली असते आणि वरून खाली फांद्या धरत उतरता येतं. एक कोटी ओळींतही साधारण तीन-चार पायऱ्यांत मुक्काम येतो. आज बहुतेक डेटाबेस ज्या रचनेवर चालतात ती बी-ट्री रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना मांडली. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विमान बनवणाऱ्या कंपनीतून आलेली गोष्ट आज आपला सातबारा शोधायला कामाला येते.

बरं, इंडेक्स टूत अजून एक शहाणपण आहे. त्या एका कागदावर दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मालमत्तेचं वर्णन, क्षेत्रफळ, देणारा, घेणारा, तारीख, मुद्रांक शुल्क असं सगळं येतं. त्यामुळे पुष्कळदा मूळ दस्त न उघडताच प्राथमिक काम भागतं. डेटाबेसवाले याला कव्हरिंग इंडेक्स म्हणतात: उत्तर सूचीतच सापडलं, मुख्य टेबलापर्यंत जायची गरज नाही.

फुकट काहीच नसतं

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकून मोकळं का होऊ नये? आमच्या भागातून पुण्याला आयटीत गेलेल्या पोरांशी बोलले तर सगळ्यांचा सूर एकच: काहीही हळू चाललं की पहिला उपाय ‘एक इंडेक्स टाक’. टाकणारे खूप, काढणारा कुणी नाही. घरातल्या माळ्यासारखं होतं. वर टाकलेली वस्तू खाली येत नाही.

खरी किंमत लिहिताना मोजावी लागते. टेबलात एक नवी ओळ आली की प्रत्येक इंडेक्समध्ये तिची नोंद करायची. दहा इंडेक्स असतील तर एका ओळीसाठी अकरा लिखाणं. ओळ काढली, बदलली, की पुन्हा इंडेक्सची डागडुजी. शिवाय प्रत्येक इंडेक्स डिस्कवर जागा खातो, बॅकअपचा वेळ वाढवतो, आणि सर्व्हरच्या मेमरीत गर्दी करतो. कामाच्या इंडेक्सला बसायला जागा उरत नाही, कारण बिनकामाचे आधीच पाय पसरून बसलेले.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. सातबारा एकदा तयार झाला की तो बदलतो कमी आणि बघितला जातो जास्त. फेरफार कधीतरी होतो, पण उतारा बँकेला, सोसायटीला, विम्याला, कोर्टाला सारखा लागतो. अशा टेबलावर दोन इंडेक्स जास्त असले तरी खपून जातं, कारण लिहिणं थोडं, वाचणं भरपूर.

आता ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ही पद्धत. शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या शेतातल्या पिकाची नोंद करतो, फोटो टाकतो. याची मुदत हंगामापुरती. आणि आपला स्वभाव तर माहीत आहे, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना जाग येते. त्या दिवसांत टेबलावर लिहिण्याचाच पाऊस पडतो, वाचणं नंतरचं. असल्या टेबलावर ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून आठ-दहा इंडेक्स ठेवले तर त्याचा भुर्दंड बांधावर रेंज शोधत मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या माणसाला पडतो. वर्षातून एकदा मंत्रालयात लागणाऱ्या अहवालासाठी ठेवलेला इंडेक्स त्या माणसाचं ‘सबमिट’ अडवून धरत असेल, तर तो चुकीच्या जागी ठेवलाय. अहवालासाठी हंगाम संपल्यावर माहितीची वेगळी प्रत काढा आणि तिच्यावर काय हवे ते इंडेक्स टाका.

म्हणून ‘चांगला इंडेक्स कोणता’ असं नुसतं विचारून उपयोग नाही. हे टेबल वाचण्याचं आहे की लिहिण्याचं, आणि ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार, हे आधी विचारायला हवं.

आधी प्रश्न, मग इंडेक्स

गावच्या दप्तराला हे फार आधी कळलंय. गाव नमुना सात आणि बारा जोडून सातबारा होतो, तो गट नंबरावर चालतो. एका गटाची सगळी कुंडली एका जागी. पण एका माणसाचे गावात चार गट असतील तर? त्यासाठी आठ-अ. तो खातेदारावर चालतो. जमीन तीच, माहिती तीच, बघायच्या वाटा दोन. गावाचे असे २१ नमुने आहेत. वारसाच्या प्रकरणांसाठी सहा-क, वादातल्या प्रकरणांसाठी सहा-अ. प्रत्येक नमुना कुठल्या तरी नेहमी पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

यातून पहिली कसोटी निघते: ज्या इंडेक्ससमोर एक प्रश्न साध्या मराठीत लिहिता येत नाही, तो इंडेक्स ठेवू नये. ‘बोरीतल्या अमुक गटाचा मालक कोण?’ हा प्रश्न झाला. ‘असावा म्हणून आहे’ हा प्रश्न नाही.

दुसरी कसोटी क्रमाची. ऑनलाइन सातबारा बघताना तुम्ही आधी जिल्हा निवडता, मग तालुका, गाव, आणि मग गट नंबर. हा क्रम म्हणजे अनेक रकाने जोडलेला इंडेक्स कसा चालतो त्याचं सरळ चित्र आहे. अशा इंडेक्सला डावीकडून उजवीकडे चालावं लागतं. जिल्हा-तालुका-गाव-गट असा इंडेक्स असेल तर ‘परभणी जिल्हा, जिंतूर तालुका’ एवढ्यावरही तो कामाला येतो. पण ‘फक्त गट ११२ शोध’ म्हटलं की तो हात वर करतो, कारण राज्यात चाळीस हजारांहून जास्त महसुली गावं आणि कित्येक गावांत गट ११२ असणारच.

याचाच एक फायदा: असा जोडइंडेक्स असताना फक्त जिल्ह्यावर किंवा फक्त जिल्हा-तालुक्यावर वेगळा इंडेक्स ठेवणं म्हणजे एकाच शेताला दोन कुंपणं. साफसफाई करताना पहिली कुऱ्हाड अशा जोड्यांवर पडावी. त्यात धोका सगळ्यात कमी असतो.

तिसरी कसोटी गावातल्या माणसाला लगेच पटेल. अर्धं गाव एकाच आडनावाचं असेल तर आडनाव सांगून कुणाचं घर सापडतं का? ‘त्यांचंच घर सांगा हो’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कोणते? सगळे तेच आहेत.’ ज्या रकान्यात मोजून दोन-तीनच किमती आहेत, उदाहरणार्थ जिरायत-बागायत किंवा हो-नाही, त्यावर एकट्यानं इंडेक्स टाकून फारसं काही साधत नाही. निम्मं टेबल उत्तरात येणार असेल तर डेटाबेस स्वतःच तो इंडेक्स बाजूला ठेवून सरळ सगळं चाळतो. अपवाद तेव्हा, जेव्हा तुम्हाला त्यातली दुर्मिळ बाजूच हवी असते. लाख अर्जांत दोनशे ‘प्रलंबित’ असतील आणि रोज तेच बघायचे असतील, तर फक्त त्या दोनशेंचा छोटा इंडेक्स सोन्यासारखा आहे.

काढायचा कोणता?

इथं जोशात येऊन चालत नाही. पोस्टग्रेससारखा डेटाबेस प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला याची मोजणी ठेवतो. मायएसक्यूएलमध्येही न वापरलेल्या इंडेक्सची यादी मिळते. यादी काढली, समोर शून्य दिसलं, उडवला, असं करायचा मोह होतो. पण शून्याचे अर्थ चार आहेत.

एक, मोजणी कधीपासूनची? गेल्या आठवड्यात काटा शून्यावर आणला असेल तर त्या शून्याला काही अर्थ नाही. कृषीच्या टेबलासाठी तर खरीप आणि रब्बी दोन्ही जाऊ द्यावेत. फक्त उन्हाळ्यात मोजलं तर सोयाबीनचा इंडेक्स बिनकामाचाच दिसणार.

दोन, कुठल्या सर्व्हरवरची मोजणी? बरेचदा वाचण्याचं काम प्रतीवर चालतं आणि लिहिण्याचं मुख्य सर्व्हरवर. मुख्यावर शून्य आणि प्रतीवर लाखभर, असं होऊ शकतं.

तीन, काही इंडेक्स शोधण्यासाठी नसतातच. एकाच गावात एकच गट दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून जो युनिक इंडेक्स असतो, तो राखणदार आहे. शोधात तो शून्य वेळा वापरला गेला असेल, तरी त्याला काढलं की दुबार नोंदींना दार उघडं.

चार, दोन टेबलांमधलं नातं सांभाळणारे इंडेक्स. एखादं खातं बंद करायचं तर त्या खात्यावर दुसऱ्या टेबलात काही शिल्लक आहे का, हे बघावं लागतं. तिथला इंडेक्स काढला तर एका छोट्या कामासाठी पूर्ण टेबल चाळलं जातं.

या चारही चाळण्यांतून जो गळतो, तो काढावा. तोही एकदम पुसून टाकण्याआधी लपवून बघावा. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून इंडेक्स ‘अदृश्य’ करता येतो: तो असतो, अद्ययावत राहतो, पण शोधताना डेटाबेस त्याच्याकडे बघत नाही. आठ-पंधरा दिवस कुणी ओरडलं नाही तर निरोप द्यावा. ओरडलं तर एका आदेशात परत. आणि काढलेल्या इंडेक्सची व्याख्या कुठंतरी लिहून ठेवावी, म्हणजे उद्या गरज पडली तर तो पुन्हा उभारता येतो.

दीड हजारांत एक

इथं कुणी म्हणेल, की आज लागत नाही म्हणून काढलं आणि उद्या लागलं तर? मराठवाड्यात याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलंय की दुसरं शोधायची गरज नाही.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटल्यावर राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद कुणाची आहे, हे शोधायचं होतं. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. कागद उर्दूत, मोडीत, फारसीत. ज्यांनी ते लिहिले त्यांनी गावानं, सालानं, खात्यानं लावले. जातीच्या रकान्यावरून कुणी शोधेल, अशी सूचीच नव्हती. मग काय, फुल टेबल स्कॅन. माणसांनी, हातांनी, पान पान उलटत. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं सांगितलेला आकडा असा: सुमारे १ कोटी ७३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या, त्यांत ११ हजार ५३० कुणबी नोंदी सापडल्या. भागाकार करा, दर दीड हजारामागे जेमतेम एक.

आरक्षणाबद्दल कुणाचं काय मत असावं हा वेगळा विषय, त्यावर इथं बोलत नाही. माझा मुद्दा दप्तराचा आहे. यावरून ‘बघा, प्रत्येक रकान्याची सूची ठेवायलाच हवी होती’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला उलटं वाटतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं उद्याचे सगळे प्रश्न ओळखून सगळ्या सूची ठेवाव्यात, ही अपेक्षाच चुकीची. त्यानं नोंद केली आणि ती टिकली, हे त्याचं काम झालं. मूळ नोंद होती म्हणून उशिरा का होईना, शोध लागला आणि सापडलेल्या नोंदी नंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकता आल्या. म्हणजे सूची नंतर करता आली. उलट, सूची सुंदर आणि मूळ कागद वाळवीनं खाल्लेला असता, तर काय उलटलं असतं?

इंडेक्स मूळ माहितीतून कधीही पुन्हा बनवता येतो. माहिती मात्र गेली की गेली. म्हणून इंडेक्स काढताना भीती बाळगू नये आणि नोंद नष्ट करताना मात्र दहादा थांबावं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: जुने कागद ‘रद्दी’ म्हणून निघतात आणि बिनकामाचे इंडेक्स वर्षानुवर्षं सर्व्हरवर सुखात नांदतात.

कुणाला सापडणार, कोण सापडणार?

आता शेवटचा आणि मला सगळ्यात टोचणारा भाग. इंडेक्स फक्त वेग वाढवतो असं इंजिनीअर मंडळी म्हणतात. पण सार्वजनिक माहितीत वेग हाच अधिकार होतो. कागदावर जे उघडं आहे पण शोधायला महिना लागतो, ते खरं तर बंदच असतं. आणि जे एका क्लिकवर येतं, ते जगजाहीर.

बोरीतून सेलूला दिलेल्या लेकीचं बघा. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. पण तिनं नावानं शोधायचं म्हटलं तर कोणत्या नावानं? माहेरच्या आडनावानं नोंद आहे की सासरच्या? नावावर चालणारा इंडेक्स धरून चालतो की माणसाचं नाव जन्मभर एकच असतं. हे पुरुषांचं खरं आहे, बायकांचं नाही. तिच्यासाठी वडिलांच्या खात्यावरून किंवा वारसाच्या फेरफारावरून जाणारी वाट जास्त कामाची. म्हणजे कोणता इंडेक्स ठेवायचा हे ठरवणाऱ्या खोलीत एखादी सासुरवाशीण असती, तर यादी वेगळी निघाली असती.

दुसरी बाजूही आहे. सरकार आता प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक देतंय, तो आधारशी जोडलेला आहे, आणि महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारक झालाय. एका माणसाच्या चार गावांतल्या जमिनी एका क्रमांकाखाली येतात. डेटाबेसच्या भाषेत ही गावाची भिंत ओलांडणारी माणसावरची सूची आहे. अनुदान वेळेवर मिळायला ती उपयोगाची, हे मान्य. पण हीच वाट सावकाराला, प्लॉटिंगवाल्याला, भावकीतल्या वैऱ्याला मिळाली तर?

१९०८ च्या कायद्यानं याचाही विचार केला होता. पुस्तक १ आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही बघता येतात, पण मृत्युपत्रांच्या आणि किरकोळ दस्तांच्या सूचींना तशी मोकळीक नाही. मृत्युपत्र करणारा हयात आहे तोवर त्याची नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. म्हणजे सूची असणं आणि ती सगळ्यांसाठी उघडी असणं, या दोन गोष्टी तेव्हाच्या लोकांनी वेगळ्या ठेवल्या. या जुन्या कायद्याच्या जागी नवा आणायचा म्हणून केंद्रानं २०२५ मध्ये मसुदाही काढलाय. डिजिटल झालं की ‘सगळं सगळ्यांनी शोधा’ असं म्हणणं सोपं असतं. त्याआधी तरुण वाचकांनी त्या मसुद्यात सूचींबद्दल काय म्हटलंय, ते एकदा तरी वाचावं.

माझी मागणी फार मोठी नाही. सरकारच्या प्रत्येक मोठ्या ऑनलाइन नोंदवहीसोबत एक पान प्रसिद्ध व्हावं: ही माहिती कोणकोणत्या रकान्यावरून शोधता येते, तो शोध कुणासाठी उघडा आहे, आणि कोणत्या प्रश्नासाठी ठेवलाय. दर दोन वर्षांनी ते पान तपासावं. ज्या प्रश्नाची गरज संपली त्याचा इंडेक्स काढावा, नवा प्रश्न आला तर नवा टाकावा, आणि मूळ नोंदीला हात लावू नये. महाराष्ट्रात सातबारेच अडीच कोटींच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम वायफळ म्हणता येणार नाही.

आणि परभणीच्या, नांदेडच्या, संभाजीनगरच्या कॉलेजांत डेटाबेस शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. पुढच्या प्रोजेक्टमध्ये इंडेक्स टाकण्याआधी शेजारी एक ओळ लिहा: हा कुणाच्या कोणत्या प्रश्नासाठी आहे. ती ओळ सुचली नाही, तर तो इंडेक्स टाकू नका. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एकदा वापराची मोजणी काढून बघा. बाह्य परीक्षक हमखास विचारतात, ‘इंडेक्स का टाकला?’ ‘हा का काढला?’ याचं उत्तरही तुमच्याकडे तयार असेल, तर मार्क कुठं जात नाहीत.